पिकवील त्याचाच गाळा

डेव्हिस, कॅलिफोर्निया
शनिवार, दुपार

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांना,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले होते, की जिथे टोमॅटोसुद्धा यंत्राने तोडतात, त्या मुलखात दोन-चार एकरवाल्याचा माल घेतो कोण? तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर बोललो. दादा पुण्याच्या शेतकरी आठवडे बाजारात गाळा घ्यायचा विचार करतो आहे, म्हणून आज इथल्या शेतकरी बाजारातून आल्या आल्या सविस्तर लिहायला बसलो आहे.

यंत्राची गोष्ट आधी सांगतो, कारण ते यंत्र माझ्याच विद्यापीठात जन्मले. कोबी लॉरेन्झन यांनी तोडणीचे यंत्र बनवले आणि जॅक हॅना यांनी त्या यंत्राला सोसेल असे टोमॅटोचे वाण तयार केले: जाड सालीचे आणि सगळी फळे एकदम पिकणारे. आपल्याकडे एका प्लॉटचे दहा-बारा तोडे होतात, इथे एकच होतो आणि वेलही कापला जातो. मेक्सिकोतून मजूर आणण्याची सरकारी योजना १९६४ च्या अखेरीस बंद पडली आणि हे यंत्र पाहता पाहता सगळीकडे पसरले. १९६० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात प्रक्रियेचा, म्हणजे सॉस-केचपच्या कारखान्यांना जाणारा, टोमॅटो पिकवणारे सुमारे ४,००० शेतकरी होते, ते १९७३ पर्यंत जेमतेम ६०० उरले. आजही या दिवसांत आमच्या योलो काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) रस्त्यांवरून टोमॅटोने भरलेले जोडट्रक कारखान्यांकडे धावत असतात आणि वळणावर सांडलेल्या फळांचा लाल चिखल झालेला असतो.

गंमत अशी, की या यंत्राच्या गावातच १९७६ मध्ये शेतकऱ्यांचा बाजार उभा राहिला, आणि तोही याच विद्यापीठातल्या इसाओ फुजिमोटो या प्राध्यापकांच्या प्रेरणेने. त्यांचे काही विद्यार्थी आणि आसपासचे थोडे तरुण शेतकरी यांनी तो सुरू केला. त्या वेळी इथला कायदा असा होता, की शेताच्या बांधाबाहेर माल विकायचा तर तो ठरलेल्या आकाराचा, ठरलेल्या खोक्यात, लेबल लावूनच विकला पाहिजे. मोठ्या बागायतदाराला हे परवडत असे, लहान शेतकऱ्याचे मात्र हात बांधले जात. १९७७ साली गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या कारकिर्दीत प्रमाणित शेतकरी बाजारांपुरती या अटींतून सूट मिळाली. नियमनमुक्ती, म्हणजे बाजार समितीबाहेर भाजीपाला विकायची मोकळीक, हा शब्द आपण २०१६ साली ऐकला, तसाच काहीसा प्रकार इथे त्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी घडला होता.

पण सूट देताना एक अट घातली गेली, आणि माझ्या मते सगळा बाजार त्या अटीवर उभा आहे. जो पिकवील तोच, किंवा त्याच्या घरचे माणूस अथवा नोकर, गाळ्यावर विकेल. प्रत्येक गाळ्यावर काउंटीच्या कृषी आयुक्तांचे प्रमाणपत्र टांगलेले असते. आपल्या सातबाऱ्यावर पीकपाहणी असते ना, तसे त्यावर कोणते पीक, किती क्षेत्रात, अंदाजे किती निघेल, हे सगळे लिहिलेले असते. ज्या पिकाची नोंद नाही ते पाटीत दिसले तर विचारणा होते. शेजाऱ्याचा माल आणायला बंदी नाही, पण जास्तीत जास्त दोघांचा, त्यांची प्रमाणपत्रेही शेजारी लावून. दादाने हे नीट वाचावे, कारण ते तिघे चुलतभाऊ मिळून एक गाळा असाच चालवू शकतील. मागे लॉस एंजेलिसकडे काही जण घाऊक मंडईतला माल आपला म्हणून विकताना सापडले होते. त्यानंतर २०१४ मध्ये कायदा आणखी कडक झाला, आणि शेताचे नाव, काउंटी आणि ‘आम्ही पिकवतो तेच विकतो’ अशा अर्थाची पाटी प्रत्येक गाळ्यावर सक्तीची झाली. गेल्या वर्षी पुण्यात दादाच्या मित्राच्या शेजारी बसून कोणी दुसऱ्याच राज्यातला लसूण ‘गावरान’ म्हणून विकत होता, त्याची या वेळी आठवण झाली.

आमचा बाजार सेंट्रल पार्कमध्ये मांडवासारख्या पक्क्या छपराखाली बाराही महिने भरतो, दर शनिवारी सकाळी आठ ते एक. मी ज्यांच्याकडून टोमॅटो घेतो त्या आजी आईच्याच वयाच्या आहेत. फळे देठ खाली करून, एकाच थरात, एकमेकांना न टेकवता मांडतात. खांद्याला तडकलेली फळे वेगळ्या टोपलीत असतात, आणि ती आजच्या आज भाजीत घाला असे बजावून निम्म्या भावात देतात. आज मी कांदे मागितले, तर ‘माझ्या कागदावर कांदा नाही’ म्हणून त्यांनी समोरच्या गाळ्याकडे बोट दाखवले. चांगल्या फळाचा भाव मी रुपयांत सांगत नाही, आई रागावेल. गरीब कुटुंबांना सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर इथे खरेदी करता येते आणि काही मर्यादेपर्यंत तेवढीच जादा रक्कम भाजी-फळांसाठी मिळते, म्हणून हा निव्वळ पैसेवाल्यांचा बाजार राहिलेला नाही. तरी लोक बहुतेक किराणा मोठ्या दुकानांतूनच आणतात, हेही खरे.

म्हणून नारायणगावची मंडई सोडा असे मी अजिबात म्हणणार नाही. दिवसाला शंभर क्रेट निघतात तेव्हा ते गाळ्यावर बसून कसे संपणार? माझे म्हणणे एवढेच आहे, की दादाने आठवड्याला पंधरा-वीस क्रेटपासून सुरुवात करावी, सोबत मेथी-कोथिंबीर ठेवावी आणि सातबाऱ्याची प्रत गाळ्यावर टांगावी, कोणी मागो न मागो.

मी त्या आजींना बाबांच्या मागच्या वर्षीच्या पट्टीचा, म्हणजे मंडईतल्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीचा, फोटो दाखवला. हमाली, तोलाई, गाडीभाडे असे एकेक कलम त्यांनी समजून घेतले आणि मग स्वतःचा हिशोब बोटांवर मांडला: बाजाराचा वाटा, डिझेल, पहाटे चारला उठणारी दोन माणसे. या आठवड्याची पट्टी आली की तिचा फोटो पाठवा. क्रेटला काय भाव मिळाला, हे त्या पुढच्या शनिवारी विचारणार आहेत.

तुमचा,
धाकटा