शॉकमधील रुग्णाचा नळीवाटे आहार

महोदय,

अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या पोषणाविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत नळीवाटे आहार सुरू करावा, हा त्यातील सल्ला बहुतेक रुग्णांच्या बाबतीत योग्यच आहे. मात्र ज्यांचा रक्तदाब केवळ औषधांच्या आधारावर टिकून आहे, अशा शॉकमधील (म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेतील) रुग्णांना तो सरसकट लागू करणे धोक्याचे ठरू शकते आणि याचा लेखात कुठेही उल्लेख नाही.

शॉकमध्ये मेंदू व हृदयाला रक्त मिळावे म्हणून शरीर आतड्यांचा रक्तपुरवठा कमी करते. नॉरअॅड्रेनलिनसारखे रक्तदाब वाढवणारे औषध मोठ्या मात्रेत द्यावे लागले, तर त्यात आणखी घट होऊ शकते. अशा वेळी आहार गेला की पचनासाठी आतड्यांना जास्त रक्त लागते, आणि ते न मिळाल्यास आतड्याचा काही भाग मृत होण्याची भीती असते. असे क्वचितच घडते, पण घडले तर रुग्ण वाचणे फार कठीण असते.

फ्रान्समधील ४४ अतिदक्षता विभागांत झालेली ‘न्यूट्रिरिया-२’ ही चाचणी २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. व्हेंटिलेटरवरील आणि शॉकमधील २,४१० रुग्णांपैकी काहींना नळीतून, तर काहींना शिरेतून सुरुवातीपासूनच पूर्ण उष्मांक देण्यात आले. २८ दिवसांतील मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु आतड्यांचा रक्तपुरवठा खंडित होण्याचे प्रकार नळीच्या गटात १९ आणि शिरेच्या गटात ५ होते. यावरून नळीलाच दोष देणे मला घाईचे वाटते. २०२३ च्या ‘न्यूट्रिरिया-३’मध्ये पहिल्या आठवड्यात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ६ आणि २५ किलोकॅलरी अशी तुलना झाली, तेव्हा ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले, मात्र कमी उष्मांकांच्या गटात उलट्या, जुलाब आणि आतड्यांची इजा कमी दिसली. म्हणजे प्रश्न मार्गाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मात्रेचा आहे.

युरोपीय अतिदक्षता तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सुचवतात: शॉक आटोक्यात नसेल तर नळीवाटे आहार लांबवावा आणि तो आटोक्यात आल्यावर थोड्या मात्रेने सुरू करावा. प्रत्यक्षात हे काम परिचारिकेच्या हाती असते. नळीत आहार सोडणारा पंप तासाला १० ते २० मिलिलिटरवर लावायचा आणि पोटावर हात ठेवून ते फुगले किंवा कडक झाले आहे का, हे पुन्हा पुन्हा पाहायचे, कारण गुंगीत असलेला रुग्ण पोट दुखते असे सांगू शकत नाही. पोट ताणले गेले, आहार उलटू लागला, रक्तातील लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण) चढले किंवा रक्तदाबाच्या औषधाची मात्रा वाढवावी लागली, तर पंप थांबवून डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते.

“दोन दिवस झाले, पेशंटला उपाशी ठेवलंय,” ही नातेवाइकांची तक्रार आम्हाला नेहमी ऐकावी लागते. त्यांची तळमळ रास्त आहे, आणि नेमकी म्हणूनच अर्धवट माहिती छापली जाऊ नये. लेखाचा पुढील भाग येणार असल्याचे आपण म्हटले आहे. त्यात शॉकमधील रुग्णांचा अपवाद स्पष्टपणे नमूद करावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
अतिदक्षता विभागातील एक परिचारिका