ताई, तुम्ही माझ्या उत्तरासाठी थांबलात

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. घरात छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करण्याच्या तुमच्या कामात ते गुप्त राहिलेलंच बरं, आणि माझंही. तरीही पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण लग्न करून ब्रिटनला आलेल्या आणि घरातलं कुणालाच सांगू न शकणाऱ्या एखाद्या बाईपर्यंत ते पोचावं, असं फार वाटतं.

पहिल्या भेटीत मी म्हणाले होते, "नवऱ्यानं माझ्यावर कधी हात नाही उचलला हो." अंगावर वळ नाहीत म्हटल्यावर माझं ऐकणार कोण, हीच धास्ती होती. तुम्ही वही पुढे सरकवलीत. "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय झालं तेवढंच लिहा, मराठीत लिहा," म्हणालात. मी लिहिलं: दुकानाची पावती दाखवली. यायला उशीर का झाला ते सांगितलं. आईचा फोन स्पीकरवर घेतला. पासपोर्ट मागितला, दिला नाही. झोपताना "तुझं डोकं फिरलंय" हे ऐकलं. मग तुम्ही ते हिंदीत वाचून दाखवायला लावलंत. वाचताना माझं मलाच पहिल्यांदा ऐकू आलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये असा धाक, अशी पाळत हा २०१५ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तुमच्याकडून कळलं. २०२१ च्या घरगुती छळाच्या कायद्यात मानसिक छळ आणि पैशांची कोंडी दोन्ही स्पष्ट लिहिलेली आहेत. पोलिसात जायचं की नाही, हे मात्र तुम्ही माझ्यावर सोडलंत. मी तेव्हा गेले नाही. त्यावरून तुमच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नाही, आणि याचे आभार कसे मानावेत हे मला खरंच कळत नाही.

सगळ्यात मोठी भीती व्हिसाची होती. "एक फोन केला की तुला परत पाठवतील," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले होते. व्हिसाचा निर्णय होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं घेतं, नवरा नाही, हे तुम्ही सांगितलंत. पण पुढचं सांगायला तुम्ही लीगल एडवरच्या, म्हणजे सरकारी खर्चानं मिळणाऱ्या, वकीलबाईंकडे नेलंत. "हा सल्ला त्यांनीच द्यायचा असतो," म्हणालात. छळामुळे संसार मोडला आणि हातात पैसा नसला, तर जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बाईला तीन महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते. त्या परवानगीवर सरकारी मदत मिळू शकते, आणि त्या मुदतीत कायम राहण्याचा अर्ज करता येतो. हे ठाऊक नसल्यामुळे किती जणी त्याच घरात राहत असतील, या विचारानं आजही जीव तुटतो.

रेफ्युजमध्ये, म्हणजे छळातून सुटून आलेल्या बायकांच्या आसऱ्याच्या घरात, पहिले काही दिवस मी प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारायचे. खिडकी उघडू का, आंघोळीला जाऊ का. तुम्ही "उघडा" असं कधीच म्हणाला नाहीत. "तुम्हाला काय हवंय?" एवढंच विचारायचात आणि गप्प बसायचात. मला उत्तर सुचायला वेळ लागायचा, तुमच्या टेबलावर कागदांचा ढीग असायचा, फोन वाजत असायचा, तरी तुम्ही घाई केली नाहीत. घर मिळालं, कागद झाले, हे उपकार मोठेच. पण माझ्या उत्तरासाठी कुणी थांबतं, हे तुमच्यामुळे अनुभवलं. बँकेत खातं उघडताना तुम्ही शेजारी बसलात आणि तिथल्या बाईंचे सगळे प्रश्न माझ्याकडे वळवलेत. सही करताना हात थरथरत होता. पण खातं माझ्या एकटीच्या नावावर झालं.

आता नोकरी आहे, संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग आहे. आईशी मनसोक्त बोलते, दार लावून. काही रात्री अजून दचकून जाग येते. ते जायला वेळ लागेल असं तुम्ही आधीच सांगितलं होतंत, म्हणून घाबरत नाही.

परवा वर्गातली एकजण मला बाजूला घेऊन म्हणाली, "मारत नाहीत गं, पण..." तिला मी नॅशनल डोमेस्टिक अब्यूज हेल्पलाइनचा नंबर दिला: ०८०८ २००० २४७, चोवीस तास, मोफत. घरचा फोन तपासला जात असेल तर माझ्या फोनवरून कर, हेही सांगितलं. अजून तिनं केलेला नाही. मीही तिला घाई करत नाहीये, ताई.

तुमची,
एक ऋणी मैत्रीण