लेबर नको म्हणणारा गॅरेजवाला

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय. कापायचंच असेल तर सुरुवात कापा, शेवटची मागणी तेवढी ठेवा.

माझी गाडी २०१३ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. कोथरूड ते कॅम्प आणि वर्षातून एकदा कोकण, एवढाच तिचा संसार. दिवाळीनंतर तिचा पिकअपच गेला, चांदणी चौकाचा चढ सेकंडवर घ्यायला लागली, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि मागून सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. नेहमीच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी ०४२० असा कोड आला आणि तो म्हणाला, "काका, कॅट गेलं." घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणते, कुणाचं मांजर गेलं? तर ते मांजर म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या आधी, इंजिनच्या जवळ बसवलेला डबा.

गॅरेजवाल्याचं म्हणणं असं की ओरिजिनल चाळीस हजारांच्या पुढे जाईल, गाडी विकायला काढली तर मिळणार किती आणि तुम्ही तिच्यात घालणार किती. त्यापेक्षा मी डबा काढतो, आतली जाळी फोडतो, परत वेल्ड करून लावतो, बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. डब्याच्या मागे धूर तपासणारा सेन्सर असतो, त्याला बुश टाकून जरा लांब करून देतो म्हणजे दिवा पण लागायचा नाही. अ‍ॅव्हरेज वाढेल. आणि काका, तुमच्याकडून लेबर, म्हणजे मजुरी, नको.

शेवटचं वाक्य ऐकून मी जवळजवळ हो म्हणालो होतो. खरं तर तिथेच शंका यायला पाहिजे होती, कारण हाच माणूस वायपरचं रबर बदलायचे पन्नास रुपये सोडत नाही.

माझा भाचा चाकणला गाड्यांच्या कंपनीत आहे, त्याला सहज फोन केला तर तो हसायलाच लागला. "मामा, लेबर का नको ते विचारलंस का? ती फोडलेली जाळी कुठे जाणार ते विचारलंस का?" मग त्याने सांगितलं ते असं. ती जाळी म्हणजे चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा, मधाच्या पोळ्यासारखा बारीक छिद्रांचा ठोकळा असतो आणि त्याच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि रोडियमचा थर असतो. धातू थोडेच असतात, काही ग्रॅमच, पण भंगारात त्या तुकड्यांना भाव मिळतो. म्हणजे मी ज्याला उपकार समजत होतो त्यात माझाच माल जाणार होता आणि वर मी त्याला चहा पाजणार होतो.

हे तीन धातू करतात काय तर इंजिनमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळून टाकतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचं परत साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतात. डबा तापल्याशिवाय, म्हणजे अडीचशे-तीनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय हे काम नीट सुरू होत नाही. शिसं लागलं की थर निकामी होतो, म्हणूनच १९९५ साली चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅट सक्तीचं झालं तेव्हा बिनशिशाचं पेट्रोल पण आणावं लागलं, आणि २००० पासून देशभर तेच आहे. त्या डब्यापायी आपल्या पोरांच्या रक्तात जाणारं शिसं कमी झालं, हे कुणी सांगत नाही.

आता माझी चूक. भाच्याने पहिला प्रश्न विचारला की गाडी मिसिंग करत होती का. करत होती ना, पाच-सहा महिने सिग्नलला उभी असताना झटके द्यायची, मी म्हणायचो वय झालं तिचं. त्याच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावला, तापमानाची गन धरून डब्याच्या आधी आणि नंतर किती तापतंय ते बघितलं, प्लग काढले. तीन नंबरच्या सिलिंडरची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी, गेलेली. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच कॅटमध्ये जात होतं आणि तिथे पेटत होतं, त्या उष्णतेने आतलं पोळं वितळून अर्धं बंद झालेलं. धूर पुढे जायला वाट नाही म्हणून पिकअप नाही. दुसऱ्या गाडीत हेच ऑइल जळण्याने होऊ शकतं, कूलंट गळतीने होऊ शकतं, नाहीतर आपल्या सोसायट्यांचे डोंगराएवढे स्पीडब्रेकर आहेतच, खालून डबा आपटला की ठोकळा तडकतो आणि खुळखुळ्यासारखा वाजतो. कधीकधी कॅट बरं असतं आणि सेन्सर किंवा सायलेन्सरची गळती असते, तरी स्कॅनर तोच कोड दाखवतो.

म्हणजे मी जाळी फोडून घेतली असती तर गाडी पळाली असती, मी खूश, कॉइल तशीच, आणि न जळलेलं पेट्रोल थेट मागच्या टू-व्हीलरवाल्याच्या तोंडावर. आणि कॉइल न बदलता नुसतं नवीन कॅट बसवलं असतं तर वर्षभरात तेही वितळलं असतं. काढायचं की बदलायचं हा वाद लोक घालतात पण गेलं कशाने हे कुणी बघत नाही. अ‍ॅव्हरेजचं पण तसंच, तुंबलेलं कॅट काढलं तर फरक पडणारच हो, पण चांगल्या कॅटमुळे कळण्याइतकं काही अडत नाही.

मी कॉइल, प्लग आणि ओरिजिनल कॅट टाकलं. खिसा दुखला. नाना पेठेत स्वस्तातलं मिळत होतं पण भाचा म्हणाला स्वस्त म्हणजे आत धातू कमी, ते नको.

कायदा पण जाता जाता सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे परस्पर बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला, गॅरेजवाल्याला नाही, हे लक्षात घ्या.

पण पकडणार कोण? पीयूसीला माझ्यासारख्या बीएस-४ (धुराच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा) पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, २०० पीपीएमच्या (दहा लाखांत दोनशे भाग) आत लागतं. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत. आणि बाकीचं तरी कसं मोजतात, मागच्या वेळी एका सेंटरवर नळी सायलेन्सरला टेकली न टेकली तोच माझ्या हातात कागद होता, कॅट तेव्हा निम्मं वितळलेलं असणार तरी मी पास. इकडे वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली गाड्या तपासणारी संस्था बसलीय, तिथे गाड्यांचा धूर तपासून सर्टिफिकेट देतात, आणि त्याच टेकडीच्या पायथ्याला गॅरेजमध्ये छिन्नी-हातोडी घेऊन तेच काम पंधरा मिनिटांत खलास. पुण्यात बीएस-४ तर देशाच्या सात वर्षं आधी, २०१० सालीच आलं होतं!

आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये सकाळी आठला सगळ्या गाड्या एकदम सुरू होतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यातल्या किती गाड्यांचे डबे आतून रिकामे आहेत ते देव जाणे आणि त्यांचे गॅरेजवाले जाणे.

तर मागणी एवढीच की आरटीओने पीयूसी सेंटरवर नळी पूर्ण वेळ आत राहते का ते अचानक जाऊन बघावं, गॅरेजने कॅट काढलं तर बिलावर तसं लिहावं आणि जुना डबा ग्राहकाला परत द्यावा. डबा परत द्यायचा म्हणलं की बघा, लेबर नको म्हणणारे किती उरतात ते.

माझा जुना डबा मी हट्टाने घरी आणलाय. माळ्यावर आहे. बायको दर रविवारी विचारते हे भंगार कधी जाणार, मी म्हणतो त्यात प्लॅटिनम आहे, ती म्हणते मग बांगडी कर.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे