मंत्रचळावर ‘मन दुसरीकडे वळवा’ हा सल्ला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओसीडी, म्हणजे मंत्रचळ (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणे आणि त्यांपोटी तीच ती कृती करत राहणे), याविषयीच्या प्रश्नोत्तरांत ‘नकोसा विचार आला की मन दुसरीकडे वळवा, दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला वारंवार छापून येतो. हेतू चांगला असला तरी या आजारात त्याने नुकसानच होते. विचार दडपायला गेले की तो दुप्पट जोराने येतो, आणि श्वास मोजणे हाच बघता बघता नवा चाळा होऊन बसतो.

या आजारासाठी ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ (ईआरपी) ही पद्धत आहे. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर केलेले असे उपचार प्रसिद्ध केले, आणि आज या आजारावरच्या मानसोपचारांमध्ये सर्वांत भक्कम पुरावा याच पद्धतीमागे आहे. तिचे दोन भाग आहेत: भीती वाटते त्या गोष्टीला ठरवून सामोरे जाणे, आणि त्यानंतर नेहमीची कृती न करणे. लोकांना पहिला भाग ठाऊक असतो. उपचार फसतो तो दुसऱ्यात.

कुलूप पुन्हा पुन्हा तपासण्याचे उदाहरण घेऊ. आधी रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून भीतीची शिडी बनवतात, प्रत्येक पायरीला ० ते १०० गुण. घरात माणूस असताना कुलूप लावून, न ओढता निघणे ३०. घर रिकामे असताना तेच करणे ६०. घाईत कुलूप लावून, ‘आज उघडे राहिले असेल’ असे स्वतःशी म्हणत दिवसभर बाहेर राहणे ९०. सुरुवात साधारण ३०-४० वर करतात. निघण्यापूर्वी रुग्ण कागदावर लिहितो: नेमके काय होईल असे वाटते, आणि आपल्याला किती वेळ धीर धरवेल. परतल्यावर प्रत्यक्ष काय झाले ते शेजारी लिहितो. भीती पूर्ण उतरलीच पाहिजे अशी अट नाही. अस्वस्थता असूनही तपासायला न जाता दिवस काढता आला, हे मेंदूने अनुभवायचे असते.

आता चूक कुठे होते ते पाहा. कुलूप ओढले नाही, पण मोबाइलवर फोटो काढून ठेवला. किंवा ‘खट्’ आवाज झाला होता ना, हे मनातल्या मनात दहा वेळा आठवले. किंवा घरी फोन करून सहज विचारल्यासारखे विचारले. हे तिन्ही तपासणेच आहे. मनातल्या मनात चालणारी उजळणी बाहेरून दिसत नाही, म्हणून थेरपिस्टने ती मुद्दाम विचारून काढली पाहिजे. आणि कृती होऊनच गेली, तर तिचा परिणाम लगेच मोडायचा: उदाहरणार्थ, घाणीच्या भीतीने हात धुतलेच, तर ज्या वस्तूची भीती वाटते तिला पुन्हा स्पर्श करायचा.

घरच्यांविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. ‘काही होणार नाही, मी बघितलंय’ हे वाक्य प्रेमापोटी दिवसातून कितीदा तरी बोलले जाते. त्याने दोन मिनिटे बरे वाटते आणि शंका पुन्हा उभी राहते. पण हा आधार एका दिवसात काढून घेणे क्रूरपणाचे आहे. रुग्णाशी आधी बोलून, कोणत्या प्रश्नाचे उत्तर कधीपासून द्यायचे नाही हे मिळून ठरवावे. मग वेळ आली की म्हणावे, ‘तुला खूप भीती वाटतेय हे दिसतंय. मी इथेच बसते, पण याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय.’ रागावून, टोमणे मारून किंवा हात धरून थांबवणे म्हणजे ईआरपी नव्हे.

बाळाला आपल्या हातून इजा होईल, असे विचार येणारी आई तर कोणाला सांगतच नाही. मंत्रचळातले हे विचार तिला स्वतःलाच घृणास्पद वाटतात. ते तिची इच्छा दाखवत नाहीत. जाणकाराने नीट तपासणी करून हा मंत्रचळच आहे अशी खात्री केल्यावर एक्सपोजर म्हणजे तो विचार लिहून वाचणे, बाळ जवळ असताना भाजी चिरणे. इतर आया रोज करतात तेवढेच.

साधारण १२ ते २० सत्रे, प्रत्येक ६० ते ९० मिनिटांचे, आणि रोजचा घरचा सराव, एवढी तयारी लागते. एसएसआरआय गटातील (नैराश्यावरही दिली जाणारी) औषधे सोबत देता येतात; मात्रा बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागते आणि परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात, म्हणून तीन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून ती सोडू नयेत. तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर आधी त्यांवर उपचार.

तेव्हा संपादक महोदय, अशा पत्रांना उत्तर देताना वाचकाला निदान एवढे सुचवावे: थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा, ‘तुम्ही ईआरपी करता का? सत्रात माझ्यासोबत प्रत्यक्ष सराव करून घ्याल का? घरच्यांना कधी बोलवाल?’ केवळ गप्पा आणि रिलॅक्सेशन एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरा थेरपिस्ट शोधावा.

आपली,
एक वाचक (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट)