यंदा शिवेवरून परत फिरू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "औंदा पंगतीचं आमच्याच्यानं व्हायचं नाही, दिंडीवाल्यांना तसं कळवून टाकतो." मी नुसतं 'बरं' म्हटलं. फोनवर तुमच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही, म्हणून लिहिते आहे. एवढ्यात काही कळवू नका.

यवत माहेर असलेल्या बाईला तुकोबांची पालखी म्हटलं की आधी पिठल्याचा वास येतो. काळभैरवनाथाच्या देवळात गावाचं पिठलं शिजायचं, घरोघरच्या भाकऱ्या तिकडे जायच्या. आपल्या वाट्याच्या पाठवून झाल्या की आई अंगणातल्या दिंडीसाठी पुन्हा काथवटीपुढे बसायची. लोणी काळभोरहून चालत आलेली माणसं संध्याकाळी टेकायची ती ओसरीत, गोठ्यात, जिन्याखालीसुद्धा. बाबा, तुम्ही कढत पाण्याची बादली घेऊन बसायचात आणि तेलाची वाटी माझ्या हातात. त्या भेगाळलेल्या टाचांना हात लावायला मी कचरायचे. तुम्हाला ते दिसायचं, पण कधी रागावला नाहीत. "तू तेल ओत, मी चोळतो," एवढंच.

देवधर्म तुम्ही आम्हाला बसवून कधी शिकवला नाहीत. माळ तुमच्या गळ्यात, एकादशी आईची, दिवेलागणीला हरिपाठ. आम्हा भावंडांवर सक्ती एकच, दारी आलेला उपाशी जाता कामा नये. इथे ठाण्यात माझ्या ओळखीचे काहीजण हौसेने एक दिवस दिवे घाट चालून फोटो काढून येतात. येऊ देत, चांगलंच आहे. आईच्या चुलीच्या धुराचा फोटो मात्र अजून कुणी काढलेला नाही.

२०२० साली वारी आलीच नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत असं आई म्हणाली होती. मला मात्र त्या वर्षीचं आठवतं ते त्याच्या आधीचं. टाळेबंदीत पोरंबाळं काखोटीला मारून मजूर सोलापूर रस्त्याने चालत निघाले होते. सगळीकडे धास्ती, दारं बंद. आईने तोंडाला पदर बांधला आणि पिठलं टाकलं. मी फोनवर इकडून ओरडत होते, तुमची वयं काय, आजार काय. ती म्हणाली, "अगं, हीपण चालतच आलीत की." तिच्या लेखी तीही वारीच होती. तिने मात्र तसं कधी बोलून दाखवलं नाही.

आता मुद्द्याचं. इतकी वर्षं वारकऱ्यांना जेवू घातलंत, पण आषाढीला तुम्ही दोघं पंढरपुरात एकदाही नव्हता. वारीच दारात आल्यावर घरधन्याला हलता कुठे येतं! वरवंडच्या वाटेला लागलेल्या दिंडीला शिवेपर्यंत पोचवायचं, विणेकऱ्याच्या पाया पडायचं आणि खरकटं आवरायला परत फिरायचं. कार्तिकीला एसटीने जाऊन आलात, पण ते वेगळं.

यंदा परत फिरू नका. पंगतीचं मी, दादा आणि वहिनी बघतो. रजा टाकून झाली आहे. माझ्या भाकऱ्या अजून काठाला चिरतात, पण वारकरी बोलून दाखवणार नाहीत. तुम्ही झेपेल तेवढं चाला, नाही झेपलं तर सामानाच्या ट्रकमध्ये बसा. दिंडीच्या महाराजांशी मी बोलले आहे. ते म्हणाले, "त्यांच्या घरचं किती वर्षं खाल्लंय आम्ही, विचारायचं काय त्यात?" आई, तूही जायचंस. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायकांकडे तू दारातून कशी बघत राहतेस, ते मी लहानपणापासून पाहते आहे.

आणि बाबा, पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडली नाही, वगैरे मला ऐकवू नका. तुमचे आईवडील तुम्ही शेवटपर्यंत सांभाळलेत. आता पुंडलिक व्हायची पाळी आमची आहे, आणि आमचे आईबाप पंढरपूरला निघाले आहेत.

गुडघ्याचा पट्टा आणि रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या हिशोबाने घेऊन ठेवा. आई, डाळ किती दळून आणायची आणि मोठी कढई कुणाकडे आहे, ते दादाला सांगून ठेव. मागच्या वर्षी ती परत आलीच नव्हती.

तुमची,
धाकटी