अकरा शेळ्या आणि कण्हेर

फीनिक्स, अ‍ॅरिझोना
२८ जून

ती. आप्पांस आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

(दादा, हे छापून आप्पांच्या हातात दे. मोबाईलवर दिलंस तर निम्मं वाचून ठेवून देतील.)

आप्पा, परवा फोनवर शेळ्यांचं अर्धवटच सांगितलं. तुम्ही "पुढं काय झालं?" विचारलंत आणि नेमकी रेंज गेली. आता नीट सांगते.

मी कामाला जाते ती म्हाताऱ्यांची वसाहत. इथं म्हातारं म्हटलेलं चालत नाही म्हणा. कायद्यानं १०० पैकी निदान ८० घरांत तरी ५५ किंवा त्याच्या पुढचं एक माणूस राहायला हवं. १९६० साली ह्याच फीनिक्सला लागून सन सिटी नावाचं असं अख्खं गाव वसवलं आणि मग जिकडेतिकडे हेच सुरू झालं. अंगणात माती नाही, खडी आणि निवडुंग. पोरांचा गलका नाही. दूध-ब्रेड आणायलासुद्धा गोल्फच्या छोट्या गाडीतून जातात. दाराला कोणता रंग द्यायचा ते कमिटी ठरवते.

मंगळवारी सकाळी साडेसहाला (तुमचे संध्याकाळचे सात, आई दिवा लावत असेल) मी एका आजोबांचं बीपी घेत होते. ते खिडकीकडे बघून म्हणाले, "बाहेर शेळी आहे." त्यांना मधूनमधून भास होतात. मी हं हं केलं, वहीत 'सकाळी भास' असं लिहूनही ठेवलं. तेवढ्यात शेळी ओरडली.

अकरा होत्या. बोअर जातीच्या, अंग पांढरं, डोकं तांबूस, लोंबते कान. मागच्या मोकळ्या रानातलं वाळलं गवत उन्हाळ्यात पेटतं, म्हणून ते खाऊन संपवायला शेळ्या भाड्यानं आणतात. हो, भाड्यानं! आपल्याकडे धनगराला धान्य देऊन रानात मेंढरं बसवतात, त्यातलाच प्रकार. रात्री जाळी कुठंतरी पडली आणि बायका निघाल्या गावात.

काय गोंधळ म्हणून सांगू! एक आजी गाऊनवरच झाडू घेऊन गुलाबांपुढं उभ्या. गोल्फच्या गाड्यांचे हॉर्न. कमिटीचे एक गृहस्थ कुणाच्या अंगणात किती लेंड्या पडल्या त्याचे फोटो काढत फिरत होते. दुसऱ्या एका बाईंनी ब्रेडचा अख्खा पुडा फोडला. त्यांच्या हातातून तो मी अक्षरशः काढून घेतला. पोट फुगून मेल्या असत्या.

पण मी बाहेर पळाले ती ब्रेडसाठी नाही. क्लबच्या मागं पुरुषभर उंचीचं कुंपण आहे, गुलाबी फुलांचं, सगळं कण्हेरीचं. पाणी कमी लागतं म्हणून इकडे जागोजाग लावतात. एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून त्याला तोंड घालत होती. मला एकदम आपली हरणी आठवली. देवळामागं छाटून टाकलेली कण्हेर खाल्ली आणि रात्र काढली नाही तिनं. तुम्ही तिच्या छातीवर हात ठेवून बसला होतात आणि म्हणाला होतात, "ठोका चुकतोय." नर्सिंगला गेल्यावर कळलं, ते विष काळजावरच जातं. आजोबांच्या दंडाला पट्टा तसाच ठेवून धावले मी, चप्पलसुद्धा नाही पायात.

हाकलून शेळी कधी ऐकते का? इकडे मेस्किट म्हणून झाड आहे, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. जूनमध्ये त्याच्या शेंगा पिकून खाली पडतात. बादलीभर गोळा केल्या, खडखड वाजवल्या आणि तुमच्यासारखी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. पहिली वळली, मग सगळ्या मागं. टेनिस कोर्टाला जाळी होती, तिथं कोंडल्या. कोंडवाडाच झाला म्हणा.

मग कोर्टाभोवती माणसं जमली. दोन-दोन महिने ज्यांनी पडदा सरकवला नाही अशीही. नेब्रास्काकडे शेती केलेले एक आजोबा आहेत, माझ्याशी कधी धड बोलत नाहीत. ते वॉकर टेकत आत आले, एका शेळीचा जबडा धरून ओठ वर केला, दात पाहिले आणि मला दोन बोटं दाखवली. मी मराठीतच म्हटलं, "दोन दाती." ते हसले. काय समजलं कोण जाणे! मग अर्धा तास त्यांनी मला इथला जुना कायदा सांगितला: जनावर मोकळं चरणार, ज्याला नको त्यानं आपल्या जागेला कुंपण घालावं. शहरात आता तसं चालत नाही, ह्याचा त्यांना राग. तुमची दोघांची छान जमली असती.

नऊ वाजता शेळ्यांचा मालक आला, गाडीत भरून घेऊन गेला. ऊन तापायला लागलं होतं, सगळे आत गेले. बीपीवाल्या आजोबांच्या वहीतलं 'भास' मी खोडलं. बुधवारी कमिटीची नोटीस लागली. आणि गुरुवारी तीन घरांत मला एकच प्रश्न आला: परत कधी येणार?

आप्पा, एप्रिलमध्ये मीच तुम्हाला म्हणाले होते, शेळ्या विका आणि दादानं पाहिलेल्या पुण्याच्या त्या ज्येष्ठांच्या सोसायटीत जा. माहितीपत्रक मलाही आवडलं होतं. लिफ्ट, डॉक्टर, बाग, सगळं आहे. तो फॉर्म एवढ्यात भरू नका. दादा, तू चिडशील, रविवारी फोन करते तुला.

काळी कधी व्यायची आहे? मागच्या खेपेसारखी जुळी झाली तर लगेच कळवा. आणि एक, दादानं पाठवलेल्या फोटोत कोपऱ्यावरचा नवा बंगला दिसला. त्याच्या कुंपणाला कण्हेरच लावलीय. पिलांना त्या बाजूनं नेऊ नका.

तुमची,
सुमी