बोल्ट शेवटी आवळा, चाके जमिनीवर असताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत गाड्या ‘खाली बसवून’ घेणाऱ्या तरुणांवरचा लेख वाचला. आखूड आणि कडक स्प्रिंग टाकल्या की सेडान वळणावर कशी झुकत नाही, रस्त्याला कशी धरून राहते, याचे वर्णन त्यात मनापासून केलेले होते. पण अख्ख्या पानभर लेखात ‘बुश’, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यात बसणारा रबर-लोखंडाचा तुकडा, हा शब्द एकदाही आला नाही. माझी 31 वर्षे बुश बनवण्यात गेली, म्हणून हे पत्र.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत रबर आणि लोखंड जोडणाऱ्या एका कारखान्यात मी होतो. आधी मिक्सिंग मिलवर, नंतर तपासणी विभागात. कोट्टायमकडून रबराच्या शीटच्या गाठी यायच्या, त्यात काजळी, गंधक आणि बाकीची रसायने मिसळून आम्ही माल तयार करायचो. बुश म्हणजे दोन नळ्यांच्या मधे रबर कोंबलेले, असे बहुतेकांना वाटते. तसे नसते. नळ्या आधी छर्रे मारून खरवडायच्या, त्यांवर चिकटद्रव्याचा थर द्यायचा आणि मग साच्यात, दीडशे अंशांच्या आसपास, रबर शिजताना ते धातूला कायमचे धरते. थंड होताना मात्र रबर आकसते आणि नळीपासून सुटू पाहते. म्हणून साच्यातून काढल्यावर बाहेरची नळी डायमधून दाबून किंचित बारीक करतात, म्हणजे आतले रबर ताणातून निघून दाबाखाली येते. आमचे जुने फोरमन नव्या पोरांना पहिल्या दिवशी एवढेच सांगत, ‘रबराला दाब सोसतो, ताण सोसत नाही.’

आता गाडीचे सांगतो. 2001 साली इथल्या शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली, तेव्हा तिच्याकडे आम्ही घरच्या लेकीसारखे बघायचो. पुढे तिचीच ‘व्हीआरएस’ आली, 1.8 लिटरचे टर्बो इंजिन, 20 व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती. आमच्या वसाहतीत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, ही अक्षरे ऐकली की कामगाराच्या पोटात गोळा येतो. माझ्या मनात मात्र त्या अक्षरांची जागा या गाडीने घेतली. 2005 मध्ये नोंदलेली एक पिवळी व्हीआरएस मी 2016 साली जुन्या बाजारातून घेतली आणि ती आजही माझ्या दारात आहे.

दोन-तीन वर्षांत तिची तक्रार सुरू झाली. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची. नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायचे. पुढचे टायर आतल्या कडेला झिजत होते, आणि अलाइनमेंट तीनदा करूनही फरक पडत नव्हता. ज्याला विचारावे तो म्हणे, ‘काका, स्प्रिंग बसल्यात, स्पोर्ट स्प्रिंग टाका.’ मी खाली वाकून पाहिले तर लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मागच्या मोठ्या बुशला बोटभर भेग होती. ब्रेक लागतो तेव्हा चाक मागे ढकलले जाते आणि त्याला जागेवर धरतो तो हा बुश. तो फाटला की चाक काही मिलिमीटर मागे सरकते, चाकाची दिशा बदलते आणि गाडी बहकते. स्प्रिंग कितीही भारी घातली तरी यात काडीचा फरक पडत नाही.

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये दोन्ही आर्मचे सगळे बुश बदलून घेतले. गाडी नव्यासारखी झाली. पाच महिन्यांनी, सात हजार किलोमीटरही झाले नव्हते, तोच खडखडाट सुरू झाला. या वेळी पुढचा लहान बुश. गॅरेजवाले म्हणाले, पार्टच डुप्लिकेट असेल. मी तो बुश घरी आणला आणि व्हाइसमध्ये धरून करवतीने उभा चिरला. माल चांगला होता. चिकटही उत्तम होती, रबर नळीपासून कुठेही सुटलेले नव्हते. फाटले होते ते रबराच्या अंगातून, आतल्या नळीभोवती गोल. हा माल बनवणाऱ्याचा दोष नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. ती पिळाची फाट होती.

झाले होते असे. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर उचललेली, चाके लोंबकळती. त्याच अवस्थेत मेकॅनिकने बोल्ट पूर्ण आवळले. आतली नळी बोल्टने चेसिसला घट्ट बांधली गेली, बाहेरची आर्मला. मग गाडी खाली उतरवली आणि आर्म बारा-पंधरा अंश वर फिरला. तो फिरताना आतली नळी घसरत नाही, रबर पिळले जाते. म्हणजे गाडी दारात नुसती उभी असतानासुद्धा बुश रात्रंदिवस पिळलेलाच राहिला. त्यावर प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक गतिरोधक आणखी पीळ देत गेला. बोल्ट चाकांवर वजन असताना आवळला असता, तर तोच बुश शांत उभा राहिला असता आणि खाली-वर दोन्हीकडे थोडाथोडाच पिळला असता.

एवढे एक काम. त्याला जास्तीचा पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

लेखातल्या आखूड स्प्रिंगचा प्रश्न नेमका इथेच येतो. गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली बसवली की सगळ्या आर्मचा उभे राहण्याचा कोन बदलतो. जुने बुश जुन्या उंचीला आवळलेले असतात, ते त्या दिवसापासून पिळात राहतात. स्प्रिंग बदलल्यावर बुशचे बोल्ट सैल करून नव्या उंचीला पुन्हा आवळावे लागतात, आणि हे करणारा मेकॅनिक मला अजून तरी एकच भेटला आहे. माझ्या समोरच्या घरातल्या मुलाने गेल्या वर्षी हौसेने स्प्रिंग बदलल्या. शॉकअब्सॉर्बर जुनेच ठेवले. खाली जायला जागा कमी उरल्याने गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबू नये म्हणून असलेल्या रबरी ठोकळ्यावर, आदळू लागली, आणि सहा महिन्यांत शॉकअब्सॉर्बर गळाले. मुलगा गुणी आहे, मेहनतीच्या पैशांतून त्याने ती हौस केली होती. त्याला कुणी आधी सांगितले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

काही जण स्प्रिंगचा एक वेढा कापून घेतात. कृपा करून हे कुणी करू नये. सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला, तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते, आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. तारेच्या जाडीचा हिशेब तर याहून तीव्र आहे. बाकी सगळे तेच ठेवून 12 मिलिमीटरची तार 13 ची केली, तर कडकपणा अडतीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. तेवढ्या स्प्रिंगला आवरायला शॉकअब्सॉर्बरही तसाच लागतो. शिवाय जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. माझ्या गाडीची उंची बदलायची नाही, हे मी त्यामुळेही ठरवले.

मी काय केले ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडले तर. आधी टेपने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. डावीकडे 372 मिलिमीटर, उजवीकडे 363. चालकाची बाजू खरोखरच बसली होती. मूळ स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात, त्यांवरची धूळ पुसून, ते जुळवून त्याच प्रकारच्या नव्या स्प्रिंग मागवल्या. सोबत चारही शॉकअब्सॉर्बर, वरची माउंटिंग आणि बंप स्टॉप. सुधारणा केली ती बुशमध्ये. या गाडीच्या मागच्या मोठ्या बुशात आरामासाठी मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. तिच्याच सांगाड्यावर बनलेल्या पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीला तो बुश भरीव रबराचा आहे, आणि तो इथे बसतो. पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या मालाचे, बुश मी घेतले नाहीत. ते रबरासारखे पिळले जात नाहीत, नळीवर घसरतात. त्यांना ग्रीस लागते, आपल्या धुळीत ते लवकर कुरकुरू लागतात आणि रस्त्याचा सगळा दणका थेट केबिनमध्ये आणतात. शर्यतीच्या गाडीला ते योग्य असतील. मला माझ्या पत्नीला पाठदुखीसह पैठणला न्यायचे असते.

बोल्ट नवे घेतले, कारण या गाडीत ते एकदाच वापरायचे असतात. टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळून वर पाव फेरा द्यायचा. जोडणीच्या वेळी सगळे बोल्ट हातानेच लावून ठेवले. मग गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर चारही चाकांवर उभी केली, दोन-तीनदा दाबून बसू दिली आणि मेकॅनिकने खालून बोल्ट शेवटचे आवळले. ज्यांच्याकडे खड्डा नाही त्यांनी आर्मखाली जॅक लावून, मोजून ठेवलेले अंतर येईपर्यंत चाक वर उचलावे आणि मग आवळावे. गाडीखाली स्टँड मात्र हवाच. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

त्याला आता तीन वर्षे झाली. बेचाळीस हजार किलोमीटर. दौलताबादचा घाट चढून म्हैसमाळला जाताना गाडी ज्या ठामपणे वळते, ते मी पहिल्या दिवशीही अनुभवले नव्हते. ब्रेक दाबला की ती नाकासमोर थांबते. परवा बुश पुन्हा पाहिले, एकही भेग नाही.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा बोल्ट आवळण्याची ही गोष्ट त्यात जरूर घ्यावी, ही विनंती. ती फक्त टर्बो सेडानला नाही, रबराचे बुश असलेल्या प्रत्येक आर्मला लागू आहे, मग ती गाडी टॅक्सी असो की घरची हॅचबॅक. आणि वाचकांनी गाडी गॅरेजमध्ये सोडताना मेकॅनिकदादांना एवढे विचारावे, ‘आर्मचे बोल्ट गाडी खाली उतरवल्यावर आवळणार ना?’

आपला,
एक निवृत्त रबर कामगार,
सिडको, छत्रपती संभाजीनगर